पागेच्या माळ्यावर

गुरुवार, ९ फेब्रुवारी २०२३. पहाटे नळाला पाणी आलं, पिंप भरून घेतलं. आठ वाजता नीलम्मा आली. महेश्वर देसायांनी गाडी पाठवली होती. तिच्यासोबत हिरेवस्तीला गेले. पागा पाहिली. दस्तगीरची घोडी टेम्पोतून आली. जेवण तिथेच, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. ऊन होतं, पण वारा बरा होता. दिवेलागणीला घरी.

माझ्या रोजनिशीतल्या नोंदी अशाच असतात. शाळेत असल्यापासून लिहिते. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर क्लारा सांगत, ‘वाटलं ते नको, घडलं ते लिहा. वाटलेलं उद्या बदलतं.’ ती सवय हाताला लागली ती लागलीच. लग्न झालं त्या दिवशीही मी हवामान लिहिलं आहे. पण या गुरुवारी वही मिटली आणि लक्षात आलं, की त्या ओळींत नीलम्मा कुठेच नाही. ‘आली’ एवढंच आहे. म्हणून हे वेगळ्या कागदावर लिहिते.

नीलम्मा म्हणजे गुरुसिद्धप्पा मोतद्दाराची मुलगी. होटगीच्या पुढे, ओढा ओलांडला की हिरेवस्ती लागते. तिथल्या देसायांच्या कचेरीत माझे वडील कारकून होते, आणि त्यांच्या पागेत गुरुसिद्धप्पा घोड्यांची निगा राखत. खरारा करायचा, चंदी चारायची, एखाद्या जनावराचं पोट दुखू लागलं तर त्याला लगामाला धरून फिरवत राहायचं, हे त्यांचं काम. मी सोलापुरात बोर्डिंगला होते. सुट्टी लागली की हिरेवस्तीला जायची, आणि तिथे माझ्या वयाची, माझ्याशी भांडू शकेल अशी एकच मुलगी होती.

थोरल्या देसायांबद्दल गावात गमतीने बोलायचे, की माणसांसाठी त्यांनी पांढरी माती वापरली आणि घोड्यांसाठी काळा दगड. ते खोटं नव्हतं. त्यांचं राहतं घर मातीचं होतं. ते कधीच बसलं, आणि त्याची माती लोकांनी आपापल्या शेतात नेऊन टाकली. पागा मात्र आहे तशी उभी आहे.

तीन बाजूंना घोड्यांची ठाणी, मध्ये फरसबंदी चौक, चौथ्या बाजूला कमान. कमान एवढी उंच, की आत येताना स्वाराला मान वाकवावी लागू नये. ठाण म्हणजे एका घोड्याची उभं राहण्याची जागा. प्रत्येक ठाणाच्या भिंतीशी अखंड दगडात कोरलेली गव्हाण. खालचे दगड मुद्दाम खडबडीत ठेवलेले, खूर घसरू नये म्हणून. त्यांना चौकाच्या बाजूला इतका हलका उतार आहे, की चालताना पायाला कळत नाही, पण तांब्याभर पाणी ओतलं तर ते आपलं आपण मोरीत जातं. ती मोरी पुढे लिंबाच्या बागेत निघायची. हिरेवस्तीची लिंबं एवढी रसाळ का, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी सरबत सगळे प्यायचे.

वाऱ्यासाठी भिंतीत उभ्या फटी आहेत, त्याही उंचावर. वारा घोड्याच्या पाठीवरून जावा, अंगावर येऊ नये. दिव्याचे कोनाडे शेपटी पोहोचणार नाही असे. आणि दोन ठाणांमधल्या खांबांचे कोपरे मला सगळ्यात आवडायचे. घोड्याच्या पोटाच्या उंचीपर्यंत ते गोल घासलेले आहेत, लोण्याच्या गोळ्यासारखे. त्याच्या वर त्याच दगडाला धार आहे. घोडा वळताना कुशीला लागू नये म्हणून पाथरवटांनी तेवढाच भाग घासला. जिथे घोड्याचं अंग पोहोचणार नव्हतं तिथे कष्ट वाया घालवले नाहीत.

ठाणांच्या वर तुळयांवर फळ्यांचा माळा. त्यावर कडबा भरलेला. वर जाडजूड मातीचं धाबं, त्यामुळे वैशाखातही माळा गार. प्रत्येक गव्हाणीच्या नेमक्या वर फळ्यांत एक चौकोनी झरोका ठेवलेला. वरून कडबा ढकलला की थेट गव्हाणीत. माळ्याच्या एका टोकाला कुडाचा आडोसा घालून गुरुसिद्धप्पांचं बिऱ्हाड होतं. नीलम्मा तिथेच जन्मली.

सुट्टीतल्या दुपारी मला घरी झोप यायची नाही. मी पागेत पळायची. माळ्यावर कडब्याच्या पेंढ्यांवर आम्ही दोघी झरोक्याला डोकं लावून पडायचो. खाली गुरुसिद्धप्पा बादलीवर हाताने थाप मारत. ती थाप ऐकली की सगळ्या ठाणांतून घोडे खिंकाळायचे. मग भिजवलेल्या हरभऱ्याची चंदी गव्हाणीत पडायची, आणि पागेत एकदम शांतता व्हायची. आधी ओठांची चाचपणी, मग दाढांखाली हरभरा फुटायचा आवाज, सावकाश, एका लयीत. एक थांबला तर दुसरा चालू. मधूनच नाकातून मोठा श्वास. दगडात घुमून तो आवाज झरोक्यातून वर यायचा आणि त्याच्याबरोबर हरभऱ्याचा, घामाचा, ओल्या दगडाचा उबदार वास. मी त्यात किती वेळ टिकायची ते सांगता येत नाही. नीलम्मा तर थाप पडली की डोळेच मिटायची.

पागेचा एक रिवाज होता. आत शिरताना हाक द्यायची, ‘हो बाळा, हो.’ घोड्याच्या मागून न सांगता गेलं तर तो दचकतो आणि लाथ झाडतो. खुद्द देसाईसुद्धा हाक दिल्याशिवाय आत येत नसत. मी एकदा विसरले, तर गुरुसिद्धप्पांनी मला कमानीबाहेर नेऊन पुन्हा आत यायला लावलं होतं.

पुढे देसायांच्या जमिनी गेल्या आणि घोडे पोसणं परवडेना. एकेक करून ते विकले गेले. गुरुसिद्धप्पा रिकाम्या पागेचे राखणदार झाले. नीलम्माचं लग्न सोलापुरात भवानी पेठेत झालं. नवरा प्रभुलिंग लूमवर कामाला. घराला लागून लूमची खटखट दिवसरात्र. शेजारच्या बायका सांगायच्या, की लूम थांबला तर आम्हाला जाग येते. नीलम्माला तो चालू असताना कधी झोप आली नाही. तिचं मी ऐकलेलं पहिलं गाऱ्हाणं तेच. सासूबद्दल नव्हतं, पैशांबद्दल नव्हतं, लूमबद्दल होतं.

तिने कडक भाकऱ्यांचा धंदा सुरू केला. पातळ थापायच्या, भाजून वाळवायच्या, पापडासारख्या मोडाव्यात अशा. पाटीत घालून डोक्यावरून सगळ्या शहरभर. माझ्याकडे येणं तिचं कधी चुकलं नाही. मी तिला ‘तू’ म्हणते, ती मला ‘तुमी’ म्हणते आणि रागावली की ‘गं’. भाकऱ्या माझ्या टेबलावर ठेवून ती विचारायची, “काय कान्व्हेंटवाल्या बाई, आज वहीत काय लिवलं? नीलम्मा आली, भाकरी कडक हुती, आसंच ना?” मी तेच लिहिलेलं असायचं.

हाक द्यायची तिची सवय मात्र गेली नाही. अंधाऱ्या खोलीत शिरताना ती ‘हो बाळा, हो’ म्हणायचीच. प्रभुलिंग खाटेवरून उत्तर द्यायचा, “ये बाई ये, आज लाथ झाडत न्हाय.”

या प्रभुलिंगला एक खोड होती. रात्री आडवं झाल्यावर तो फुटाणे खायचा. उशीशी पुडी असायची. दिवसभर लूमपाशी उभा राहिलेला माणूस अंधारात सावकाश एकेक फुटाणा दाढेखाली फोडत राहायचा. त्याची आई चिडायची, त्याची मुलगी दानेश्वरी हसायची. नीलम्मा कधी काही बोलली नाही. उलट पुडी संपली तर तीच आणून ठेवायची. तो चार वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर एकदा माझ्या ओट्यावर भाकऱ्या मोजून ठेवताना ती सहज म्हणाली, “झोप न्हाय बघा ताई आता. ते गेले, फुटाणं बी गेलं.”

मी तिला दूध-जायफळ सांगितलं. माझे यजमान वेणीमाधव गेल्यावर मला डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, त्याही सांगितल्या. तिने दोन्ही करून पाहिलं. त्यातच तिची नजर अधू झाली. काचबिंदू. आता तिला माणसाचा आकार कळतो, चेहरा कळत नाही. भाकऱ्या थापायचं दानेश्वरी बघते.

जानेवारीच्या शेवटी महेश्वर देसाई माझ्याकडे आले. थोरल्या देसायांचा हा नातू, पुण्यात असतो, पन्नाशीचा. मला प्रेमलाआत्या म्हणतो. पागेच्या जागी लोकांना राहायला खोल्या करायच्या आहेत, कुठे काय होतं ते सांगाल का, असं विचारायला आला होता. टेबलावर त्याने नकाशा पसरला. एकेका ठाणाची एकेक खोली, माळ्याचा वरचा मजला.

त्या वेळी नीलम्मा कोपऱ्यात बसली होती. दानेश्वरीने रिक्षाने सोडलं होतं. तिने विचारलं, “आणि झरोकं?”

“ते बंद होणार मावशी,” महेश्वर म्हणाला. “फळ्या काढून वर स्लॅब. खालच्या खोलीतलं बोलणं वर ऐकू गेलं तर लोक राहतील का?”

“न्हाई ऱ्हायचे,” नीलम्मा म्हणाली.

काम कधी सुरू होणार ते मी विचारलं. तेराला, सोमवारी, फळ्या उचकटायला माणसं येणार होती.

तो गेल्यावर नीलम्मा बराच वेळ पदराशी खेळत बसली. मग म्हणाली, “ताई, मला एकदा तितं झोपायचं हाय. खाली घोडं खात आसताना. एकदाच. फळ्या काढायच्या आदी.”

“घोडा कुठून आणणार?” मी विचारलं.

“ते बगते मी. तुमी फकस्त हरभरं भिजवा. माझ्या घरी नको. दानेश्वरीला कळलं तर म्हणंल, आईचं डोकं फिरलं.”

तिने दस्तगीरला गाठलं. विजापूर वेशीजवळ त्याच्या वरातीच्या घोड्या असतात. लहानपणी तो नीलम्माच्या हातची भाकरी खाऊन वाढलेला, त्यामुळे नाही म्हणणं त्याच्या जिवावर आलं. पण त्याने वाद घातला. मी फोनच्या स्पीकरवर ऐकत होते.

“अम्मा, इत्ती दूर कायकू? मेरे आंगन में आ के बैठो. घोडी खाती सो आराम से सुनो.”

“तुझ्या घरी पत्रा हाय रं. आणि मी खाली बसणार, घोडी बी खाली. मला वर पायजे, घोडी खालती.”

“फिर घोडी को गड्डे में उतारूं क्या?”

“माझ्या तोंडाला लागू नगंस दस्त्या. गुरुवारी टेम्पो आण.”

“शाम को बारात है अम्मा, होटगी रोड पे. चार बजे निकलना पडेंगा.”

“चारला जा की. मी काय रात राहणार हाय?”

महेश्वरला मी फोन करून विचारलं, तो गाडी पाठवतो म्हणाला. हरभरे मी बुधवारी संध्याकाळी भिजवले. घोड्याला किती लागतात याचा मला अंदाज नव्हता, म्हणून हात सैल सोडला. मोठं पातेलं भरलं तेव्हा उरलेले कुकरमध्ये घातले. सकाळच्या घाईत पातेलं गाडीत ठेवलं आणि कुकर ओट्यावरच राहिला.

हिरेवस्तीला पोचलो तेव्हा महेश्वर कमानीत उभा होता. चौकात सिमेंटच्या गोण्यांची चळत, वाळूचा ढीग. नीलम्मा माझ्या दंडाला धरून चालत होती. कमानीखाली ती थांबली, दंड सोडला आणि मोठ्याने म्हणाली, “हो बाळा, हो.”

आवाज तिन्ही बाजूंनी फिरून परत आला. महेश्वरने माझ्याकडे पाहिलं. मीही हळूच म्हणून घेतलं. मला परत बाहेर काढायला गुरुसिद्धप्पा नव्हते, तरी म्हटलं.

घोडी पांढरी होती, नाव शहजादी. दस्तगीर तिला तसाच सजवून घेऊन आला होता, कारण तिथून परस्पर वरातीला जायचं होतं. आरशांची झूल, कपाळावर गोंडा, पायांत घुंगरू. नीलम्माने हातांनी सगळं चाचपलं.

“नवरीच आणलीस की.”

“काम पे जाती ना अम्मा, सजना पडता.”

ती गुरुसिद्धप्पांच्या आडोशाखालचं ठाण म्हणाली, तिथे शहजादीला उभं केलं. पातेल्यातले हरभरे गव्हाणीत ओतले. आता वर जायचं तर नीलम्मा बादली मागू लागली. “अप्पा थाप मारल्याबिगर चंदी द्यायचे न्हाईत,” म्हणाली. महेश्वरने गवंड्यांची बादली आणून दिली. तिने ती काखेत घेतली आणि तळहाताने थाप मारली, तीच लय, जी मी इतक्या वर्षांत कुठे ऐकली नव्हती.

आणि शहजादी नाचायला लागली.

पुढचे पाय उचलून, मान वाकवून, घुंगरू वाजवत, अगदी बँडपुढे नाचावं तशी. ठाणाच्या खडबडीत दगडांवर तिचे खूर टपटप वाजत होते. नीलम्मा दचकून मागे सरली. महेश्वरने खिशातून मोबाइल काढला.

“रोक रे तिला,” मी ओरडले.

“रुकती नई ना मॅडम! बाल्टी बजाए तो उसकू ढोल लगा. बजाना बंद करो अम्मा!”

नीलम्माने बादली खाली ठेवली. घोडी आणखी थोडं नाचून थांबली आणि आमच्याकडे पाहू लागली, आता नवरदेव कुठे आहे अशी. नीलम्माला हसू आलं. पोट धरून हसली. “अगं बये, जेवायला बोलावलं तुला. तुला वाटलं लगीन लागलं!”

पण हसणं संपल्यावर ती खांबाला हात लावून उभी राहिली आणि तिचा चेहरा उतरला. एवढ्या लांब येऊन हातात हे आलं होतं.

“घुंगरू काढ,” ती दस्तगीरला म्हणाली. “झूल काढ. समदं काढ.”

“फिर से पहनाने में टाइम जाता अम्मा.”

“काढ म्हनते ना.”

त्याने काढलं. नुसती घोडी उरली तशी ती लहान आणि जरा वयस्क दिसायला लागली. मानेवर झुलीचे घट्टे पडले होते. नीलम्माने तिच्या पाठीवरून हात फिरवला, खरारा करताना फिरवतात तसा, मानेपासून शेपटीकडे, आणि दगडी जिन्याकडे वळली. मी तिच्या मागे होते. दोघींचे गुडघे एकसारखे कुरकुरत होते. माळ्यावर कडबा नव्हता, धूळ होती. महेश्वरने सतरंजी टाकून ठेवली होती. नीलम्मा पडली, पायाने चाचपत सरकली आणि तिचं डोकं नेमकं झरोक्याशी आलं. मी भिंतीला टेकून बसले.

खाली काहीच आवाज नव्हता.

“खात न्हाई का?” नीलम्माने झरोक्यातून विचारलं.

“नई खाती अम्मा,” दस्तगीरचा आवाज आला. “पत्थर देख के खडी है. इने कभी ऐसा खाई नई. पैदा हुई जब से तोबरे में खाती. तोबरा बांधूं क्या?”

तोबरा म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची गोणपाटाची पिशवी. वरातीच्या घोडीला उभ्या उभ्या, रस्त्यात, मंडपाबाहेर खावं लागतं. तिला गव्हाण कशी ठाऊक असणार?

“बांध,” नीलम्मा म्हणाली. तिच्या आवाजात आता हट्ट नव्हता.

त्याने हरभरे पिशवीत भरून तोंडाला बांधली. शहजादी खायला लागली. पण वर येणारा आवाज तोंडावर उशी दाबून बोलल्यासारखा होता. नीलम्मा ऐकत पडून राहिली. तिचे न दिसणारे डोळे धाब्याकडे लागले होते. मला वाटलं, आता ती उठेल आणि चला म्हणेल. तिने हात लांब करून माझं बोट धरलं.

“मी म्हातारी झाले का गं?” ती म्हणाली. “का तवा बी आसाच येत हुता?”

“नाही,” मी म्हटलं. “तेव्हा असा नव्हता.”

दस्तगीरने ते ऐकलं असावं. खाली काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. नंतर त्याने मला सांगितलं ते असं. त्याने तोबऱ्याचा पट्टा सोडला आणि पिशवी तशीच, तोंड उघडं ठेवून, गव्हाणीत आडवी ठेवली. शहजादीने ओळखीच्या पिशवीत तोंड घातलं. खाता खाता ती पिशवी नाकाने पुढे ढकलायला लागली. हरभरे पिशवीतून दगडावर सांडू लागले. तिने एक उचलला. मग पिशवी सोडून ती दगडावरचेच वेचू लागली.

वर आम्हाला आधी ओठांची चाचपणी ऐकू आली, मग दाढेखाली फुटलेला एक हरभरा. थोड्या वेळाने दुसरा. दगडात घुमून आवाज झरोक्यातून वर आला आणि त्याच्याबरोबर ओल्या हरभऱ्याचा वास. नीलम्माने माझं बोट घट्ट धरलं. मीही डोळे मिटले. मला गुरुसिद्धप्पांचे पाय दिसले, चौकातून बादली घेऊन जाणारे, आणि मागे, ओळीने, वळून पाहणाऱ्या घोड्यांच्या माना.

“एकलीच हाय की गं ती,” नीलम्मा पुटपुटली. “बाकीचं कुणीच न्हाय.”

एका घोडीचं खाणं म्हणजे भजनात एकच माणूस गात राहावा तसं होतं. बाकीची ठाणी रिकामी होती, ते कानाला कळत होतं. मी काहीतरी बरं वाटेल असं शोधत होते, तोवर तिच्या बोटांची पकड सैल झाली. मी पाहिलं तर ती झोपली होती. तोंड थोडं उघडं, लहानपणी झोपायची तशी.

शहजादी सावकाश खात होती. माझ्या मनात आलं, की असा एक आवाज मागायचा झाला तर मी कोणता मागेन? ह्यांच्या सकाळच्या गुळण्यांचा असेल, ज्याचा मला जन्मभर वैताग होता. मग मी विचार करणं सोडलं आणि ऐकत बसले.

हरभरे संपले. घोडीने नाकातून मोठा फुर्रकन श्वास सोडला. झोपेतच नीलम्मा म्हणाली, “हो बाळा,” आणि कुशीवर वळली.

मी अर्धा जिना उतरले आणि तोंडावर बोट ठेवलं. महेश्वरने मान हलवली. दस्तगीरच्या हातात फोन होता आणि चार वाजून गेले होते. फोन वाजला. तो घाईने कमानीबाहेर गेला, तिथून त्याचा आवाज आला, “आते जी, रस्ते में हूं. हौ, हौ, ट्राफिक है.” होटगीच्या त्या रस्त्यावर तेव्हा एक बैलगाडी होती.

परत आल्यावर तो महेश्वरला हळूच म्हणाला, “दूल्हे को थोडा रुकने दो. जिंदगी भर पछताना ही है.” आणि घोडीच्या पायाशी बसून घुंगरू बांधू लागला, एकेक मुठीत धरून, वाजू नयेत म्हणून.

नीलम्मा आपली आपणच जागी झाली. उठून बसली, केस नीट केले, पदर झटकला. “लई येळ झोपले का?”

“थोडा वेळ,” मी म्हटलं.

“वहीत लिवू नका.”

खाली आलो तेव्हा घोडी टेम्पोत चढली होती. नीलम्माने तिच्या नाकावर हात ठेवला आणि दस्तगीरच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. महेश्वर मघापासून काही बोलायचं म्हणून घुटमळत होता. “मावशी, तुमच्या ठाणावरचा झरोका तेवढा ठेवू का? एक ठेवता येईल मला. आठवण म्हणून.”

“ठिवून काय करणार, धाकले देसाई?” ती म्हणाली. “खाली घोडं कुटं? तुमचा एसी वाजणार की तितं.”

त्याने वर माळ्याकडे पाहिलं. तिला वाईट वाटलं असावं, कारण ती कमानीकडे जाता जाता एका खांबाशी थांबली, खालचा गोल कोपरा तळहाताने शोधला आणि त्यावर हात फिरवत राहिली.

“हे कोपरं तेवढं फोडू नका,” म्हणाली. “लोकं येतील तर लेकरं बी येतील. पळतील हितं. लागायचं न्हाय त्यांना.”

“नाही फोडणार,” महेश्वर म्हणाला. त्याने लगेच फोन काढून कुणाला तरी तसं सांगितलं. आम्ही गाडीत बसलो तरी तो सांगत होता.

परतताना मी नीलम्माला विचारलं, की आज रात्री झोप येईल का? “आता कशाला येती?” ती म्हणाली. “दुपारी झोपले की.” मग होटगी मागे पडेपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली. तिला भवानी पेठेत सोडलं. दानेश्वरी दारात उभी होती. “आई, कुठं होतीस? केसांत काय हे, धूळ?” नीलम्माने हाताने केस झटकले. उंबऱ्यावर पाय ठेवताना ती म्हणाली, “हो बाळा, हो,” आणि आत गेली.

घरी आले, दिवा लावला, तर ओट्यावर कुकर तसाच. हरभऱ्यांना बारीक मोड आले होते. त्या रात्री रोजनिशीत ‘दिवेलागणीला घरी’च्या खाली मी शेवटची ओळ लिहिली ती अशी: उरलेल्या हरभऱ्यांची उसळ केली, मीठ थोडं कमी पडलं.